शिरोरेषेची कसोटी : टंकयंत्राची दुरुस्ती आणि पैनगंगेचा काठ

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या उत्तरेस वसलेले ढाणकी हे गाव आज नगरपंचायतीचे असले, तरी त्याचा कागदोपत्री व्यवहार दीर्घकाळ दुसऱ्या गावांत लिहिला गेला. जमिनीच्या फेरफाराचा अर्ज असो, कर्जाचे प्रकरण असो की दाव्यातील कैफियत, कागद तयार करायचा तर येथील माणसाला तहसील आणि न्यायालय असलेल्या गावाकडे, म्हणजे उमरखेड, पुसद किंवा थेट यवतमाळकडे जावे लागे; आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा बहुतेक कचेऱ्यांच्या आवारात अर्जनवीस व मुद्रांक विक्रेता यांच्या शेजारी टाइपरायटर मांडून बसलेला टंकलेखक दिसे. टंकलेखन यंत्राचा इतिहास साधारणपणे ते कोणी शोधले, कोणत्या कंपनीने बनवले आणि ते केव्हा बंद पडले, एवढ्याच अंगाने सांगितला जातो. परंतु कारखान्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या अशा मुलखात यंत्राचे आयुष्य ठरवले ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने, आणि ते यंत्र देवनागरीचे असेल तेव्हा त्या कारागिराला यंत्राइतकीच लिपीही कळावी लागली. या दुसऱ्या गोष्टीकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

या भागाचा प्रशासकीय भूतकाळ समजल्याशिवाय येथील लेखनयंत्रांचा प्रश्न नीट उलगडत नाही. वऱ्हाड हा निजामाचा प्रांत १८५३ च्या तहाने ब्रिटिशांच्या व्यवस्थापनाखाली आला, १९०२ साली तो त्यांना कायम भाडेपट्ट्याने मिळाला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडण्यात आला, तेव्हा पुसद तालुका, ज्यात उमरखेडचा परिसरही मोडत असे, आजच्या यवतमाळ जिल्ह्यात आला. पैनगंगेच्या पलीकडे मात्र निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि तेथील राजभाषा उर्दू होती. एकच नदी, एकच बोली आणि दोन्ही काठांवर सोयरसंबंध, पण अलीकडच्या कचेरीत इंग्रजी व मराठीचे कागद आणि पलीकडे उर्दूचे, अशी ही स्थिती १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत टिकली. १९५६ साली विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा राज्याची सीमा म्हणून असलेले पैनगंगेचे स्थान संपले आणि एकाच लिपीचे यंत्र दोन्ही काठांवर चालण्याची वेळ आली.

तोपर्यंत येथे पोहोचलेली यंत्रे बहुतांशी इंग्रजी होती. ख्रिस्तोफर शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले यंत्र रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १८७३-७४ च्या सुमारास बाजारात आणले, आणि पुढच्या काही दशकांत त्याचे कचेरीतील जड रूप स्थिर झाले. हे यंत्र टेबलावर एकदा बसले की सहसा हलत नसे. सोबत नेता येईल असे यंत्र, ज्याला पोर्टेबल म्हणतात, ही पुढची पायरी होती. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडले गेलेले ब्लिकेन्सडर्फर हे त्यातील आरंभीचे नाव. १९१२ चे घडी घालता येणारे कोरोना आणि १९२० चे चार ओळींच्या कळफलकाचे रेमिंग्टन पोर्टेबल यांनी हा प्रकार रुळवला. १९३५ ची स्विस हर्मीस बेबी आणि १९५० ची, मार्चेल्लो निझोली यांनी रेखाटलेली ओलिव्हेट्टी लेटेरा २२ ही त्याची सर्वांत सुबक रूपे मानली जातात. पोर्टेबल हलके करण्यासाठी त्यातील प्रत्येक भाग बारीक करावा लागला, तरफा छोट्या झाल्या, पत्रा पातळ झाला आणि दोन भागांमधील मोकळीक कमी झाली. त्यामुळे कचेरीतील जड यंत्र ज्या धुळीला आणि धक्क्याला दाद देत नाही, त्याने पोर्टेबल बिघडते, आणि म्हणूनच त्याची जुळणी, म्हणजे सर्व भाग एकमेकांच्या अचूक अंतरावर आणून बसवण्याचे काम, अधिक नाजूक ठरते.

देवनागरीच्या बाबतीत पोर्टेबलपुढे आणखी एक अडचण होती. कचेरीतील यंत्राला साधारण ४६ कळा असतात आणि प्रत्येक कळीवर दोन चिन्हे धरली तर ९२ चिन्हे बसतात. पोर्टेबलला बहुधा ४२ ते ४४ च कळा असतात. रोमन लिपीला त्या पुरतात. देवनागरीत मात्र स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, अनुस्वार आणि आकडे एवढे सारे बसवायचे तर प्रत्येक कळ मोलाची होते. यावर यंत्ररचनाकारांनी जो तोडगा काढला तो आजही पाहण्यासारखा आहे: ख, घ, ण, थ, ध, भ, श यांसारख्या अक्षरांचे फक्त डावे अर्धे रूप कळीवर ठेवायचे आणि त्यापुढे काना उमटवून अक्षर पूर्ण करायचे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते म्हणून ती उच्चाराच्या उलट क्रमाने, अक्षराच्या आधी छापायची. उकार, मात्रा आणि अनुस्वार अशा अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या चिन्हांसाठी ‘डेड की’, म्हणजे दाबली तरी गाडी पुढे न सरकवणारी कळ वापरायची. गाडी म्हणजे कागद धरणारा, रोलरसह डावीकडे सरकत जाणारा वरचा भाग. या तीन युक्त्यांमुळे देवनागरी यंत्रात मावली खरी, पण एक अक्षर दोन ठोक्यांनी आणि कधी तीन ठोक्यांनी बनू लागले, आणि प्रत्येक ठोका अचूक जागी पडण्यावर त्या अक्षराचे रूप अवलंबून राहिले.

येथेच शिरोरेषा दुरुस्तीच्या केंद्रस्थानी येते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यामुळे एखादे अक्षर केसभर वर गेले किंवा दोन अक्षरांत जरा जास्त अंतर पडले तर डोळा ते सहज माफ करतो. देवनागरी टाइपच्या प्रत्येक ठोकळ्यावर शिरोरेषेचा तेवढाच तुकडा कोरलेला असतो, आणि एका शब्दातील सगळे तुकडे सांधले जाऊन अखंड रेघ दिसली पाहिजे, अशी वाचकाची अपेक्षा असते. यंत्रात कुठेही दोष असला की तो सर्वप्रथम या रेघेत दिसतो. देवनागरीच्या यंत्राला तपासणीचे साधन निराळे लागतच नाही. छापलेल्या शब्दाचा माथा हेच ते साधन आहे, आणि ज्याला तो वाचता येतो त्याला यंत्र उघडण्याआधीच दोष कोठे असावा याचा अंदाज बांधता येतो.

शिरोरेषेत पायरी पडली, म्हणजे एकाच अक्षराचा माथा शेजाऱ्यापेक्षा वर किंवा खाली आला, तर दोष त्या अक्षराच्या टाइपबारमध्ये असतो. टाइपबार म्हणजे ज्याच्या टोकाला अक्षराचा ठोकळा डाक देऊन बसवलेला असतो ती पोलादी पट्टी. अशा सर्व पट्ट्या सेगमेंट नावाच्या अर्धवर्तुळाकार खाचांच्या भागात फिरतात. दोन कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या की पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि घाईने ओढून सोडवताना वाकतात. अनुभवी कारागीर ती पट्टी खास आकाराच्या पकडीने अगदी थोडी वळवतो, एक ओळ छापून पाहतो आणि पुन्हा वळवतो. जास्त जोर दिला तर ठोकळ्याची डाक सुटते आणि काम दुप्पट वाढते.

पायरी एका अक्षरापुरती न राहता शिफ्ट दाबून येणाऱ्या सगळ्याच अक्षरांना पडत असेल, तर दोष निराळा असतो. प्रत्येक ठोकळ्यावर वर-खाली दोन चिन्हे असतात आणि शिफ्टची कळ दाबल्यावर एकतर गाडी उचलली जाते किंवा टाइपबारांची संपूर्ण टोपली खाली जाते. दोन्ही स्थितींत चिन्हे एकाच रेषेवर उमटण्यासाठी थांब्याचे स्क्रू असतात आणि त्यांची जुळणी हे दुरुस्तीतील एक मोठे काम आहे. इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्याच्या किंवा नावाच्या आरंभी लागते, तेव्हा पहिले अक्षर किंचित उंच राहिले तरी कोणाला खटकत नाही. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी मांडणीत मात्र क, ग, ज, त यांसारख्या अक्षरांची अर्धी रूपे शिफ्टवर असतात, त्यामुळे ‘सत्य’ हा शब्द छापतानादेखील स साध्या स्थितीत, अर्धा त शिफ्टमध्ये आणि य पुन्हा साध्या स्थितीत येतो. थांब्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल असला तर शब्दाच्या मध्यभागी माथा मोडतो. ज्यात हर घडीला संपूर्ण गाडी उचलावी लागते अशी हर्मीस बेबीसारखी रचना आणि ज्यात फक्त टोपली हलते अशी लेटेरा २२ सारखी रचना, यांत देवनागरीसाठी दुसरी अधिक सोयीची ठरते ती या कारणाने, कारण जोडाक्षरांच्या भाषेत करंगळीवर पडणारा भार इंग्रजीच्या कितीतरी पट असतो.

तिसरा दोष म्हणजे शिरोरेषेत पडणारी फट किंवा एकावर एक चढलेली अक्षरे. याचे मूळ गाडी सरकवणाऱ्या यंत्रणेत असते, जिला एस्केपमेंट म्हणतात. गाडीला डावीकडे ओढणारी शक्ती एका डबीत गुंडाळलेल्या मुख्य स्प्रिंगमधून येते. ती डबी आणि गाडी यांना ड्रॉ-बँड नावाची पट्टी किंवा दोरी जोडते. आणि दातेरी चाकाला आलटून पालटून अडवणारे दोन खटके, एक पक्का आणि एक सैल, गाडीला एका ठोक्याला एकच दात पुढे जाऊ देतात. इंचाला दहा अक्षरांच्या यंत्रात हे पाऊल २.५४ मिलिमीटरचे असते. ठोकळा रोलरला भिडण्याच्या किंचित आधी खटका बदलला पाहिजे. तो उशिरा बदलला तर हलक्या हाताने छापताना गाडी जागच्या जागी राहते आणि दोन अक्षरे एकमेकांवर चढतात. ओळीच्या शेवटीशेवटीच अक्षरे दाटत असतील तर खटक्याला हात लावण्याचे कारण नसते, कारण त्या टोकाला स्प्रिंग सर्वांत सैल झालेली असते आणि तिला एखाद-दुसरा फेरा दिला की काम भागते. ती नको तितकी ताणली तर दात लवकर झिजतात आणि गाडी परत ढकलताना हात भरून येतो. स्प्रिंगचा आकडा काढताना डबी हातातून सुटली तर साठवलेले सारे फेरे एका क्षणात उलगडतात, म्हणून जाणता कारागीर आधी डबी धरतो आणि मगच बँड सोडवतो. तुटलेल्या ड्रॉ-बँडच्या जागी मासेमारीची मजबूत दोरी चालवून घेण्याची रीत जगभर आढळते.

डेड कीची जुळणी ही खास देवनागरीची बाब. सामान्य कळ दाबली की टाइपबार एका सामाईक पट्टीला ढकलतो आणि ती पट्टी खटका हलवते. डेड कीच्या टाइपबारचा तो स्पर्श करणारा भाग कापून कमी केलेला असतो. इंग्रजी यंत्राचे देवनागरीत रूपांतर करताना केवळ ठोकळे आणि कळींवरील अक्षरे बदलून चालत नाही, हा कापही अचूक द्यावा लागतो. तो कमी पडला तर मात्रा उमटताना गाडी अर्धवट चाळवते आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. असे झालेले यंत्र ‘मे’, ‘मु’ अशा अक्षरांच्या ओळी छापून ओळखता येते.

या सर्व जुळण्यांना वऱ्हाडच्या दक्षिण टोकाचे हवामान आणि माती सतत आव्हान देतात. हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा पट्टा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काळ्या मातीची अतिशय बारीक धूळ घरादारात शिरते, हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात आणि जूनपासून दमट हवेची पाळी येते. उष्णतेने रोलरचे रबर कडक होते. कडक रोलरवर अक्षराचा ठोका खणखणीत वाजतो, पण ठिपका आणि अनुस्वार कागदाला भोक पाडतात, पकड सुटल्याने कागद घसरतो आणि ओळींमधील अंतर विषम होते. नवे रबर चढवण्याची सोय नसेल तर बारीक पॉलिश कागदाने रोलरचा वरचा थर खरवडणे आणि छापताना मागे एक जादा कागद लावणे, हे दोन उपाय राहतात. दुसरा उपाय साधा दिसतो, पण त्याने रोलर आणि ठोकळे दोन्ही वाचतात. तेलाची गोष्ट याहून फसवी आहे. कळ जड झाली की त्यात तेल सोडण्याचा मोह होतो, आणि सेगमेंटच्या खाचांत सोडलेले तेल काळ्या धुळीला धरून ठेवते, उन्हाने घट्ट होते आणि टाइपबार मागे पडेनासा होतो. सेगमेंट रॉकेल किंवा पेट्रोलने ब्रश मारून धुवायचा आणि कोरडा ठेवायचा, तेलाचा थेंब द्यायचा तो फक्त गाडीच्या रुळांना, हा नियम या व्यवसायातील सर्वांत मोलाचा नियम म्हणता येईल. भ आणि म किंवा घ आणि ध यांचे पोकळ भाग रिबनच्या शाईने आणि धुळीने भरले की शब्दच बदलतो, आणि जमिनीच्या कागदावर तो बदल महाग पडू शकतो. त्यामुळे ठोकळ्यांचे तोंड टोकदार वस्तूने कोरून साफ करणे हे काम वरवर क्षुल्लक वाटले तरी तसे नव्हते.

यंत्रांची संख्या वाढली ती भाषिक धोरणाने. विदर्भ ज्यात होता त्या तत्कालीन मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी यांना राजभाषेचे स्थान दिले. महाराष्ट्राची स्थापना झाली त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी असलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, पुसदला वकिली केलेले. म्हणजे ज्या परिसरातील माणसाला आपला अर्ज आपल्या भाषेत छापून मिळण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच परिसरातून आलेल्या नेत्याच्या कारकिर्दीत मराठी कारभाराची चौकट उभी राहिली. हा योगायोग असेल, पण तो नोंदवण्याजोगा आहे. शासकीय नोकरीसाठी मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाची प्रमाणपत्रे लागू लागली, त्यांच्या परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेऊ लागली, आणि तालुक्याच्या गावी टायपिंगच्या संस्था निघाल्या. ‘मराठी थर्टी’ आणि ‘इंग्लिश फॉर्टी’ हे मिनिटाला इतके शब्द या अर्थाचे प्रयोग ग्रामीण तरुणांच्या रोजच्या बोलण्यात आले. शिकाऊ हातांखाली दिवसभर चालणाऱ्या या यंत्रांची झीज कचेरीतील यंत्रांहून कितीतरी जास्त होती, आणि फिरत्या कारागिराला खरे नियमित काम मिळाले ते या संस्थांकडून.

पुरवठ्याची बाजूही याच काळात बदलली. नवल गोदरेज यांच्या पुढाकाराने गोदरेज अँड बॉइस कंपनीने मुंबईत विक्रोळीला १९५५ साली टाइपरायटर बनवला; कलकत्त्याची रेमिंग्टन रँड, मद्रासकडील हाल्डा आणि फॅसिट ही देशात तयार होणारी इतर नावे. हजाराहून अधिक सुट्या भागांचे हे यंत्र देशात बनू लागल्याचा खरा लाभ कारागिराला झाला, कारण रोलर, रिबनची चाके, स्प्रिंगा आणि देवनागरीचे ठोकळे आयातीवर अवलंबून न राहता मिळू लागले. परदेशी पोर्टेबलच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्यांचे माप वेगळे, स्क्रूंचे आटे वेगळे, आणि भाग मोडला की दुसरे तसेच जुने यंत्र शोधण्यावाचून मार्ग नसे.

यंत्र एका हाताला किती सवयीचे होते, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. युनियन बँकेत नोकरी केलेले चंद्रकांत भिडे हे टाइपरायटरवरील अक्षरे आणि चिन्हे ठोकून व्यक्तिचित्रे काढणारे कलावंत म्हणून ओळखले जातात. निवृत्त होताना, ज्या यंत्रावर ते काम करत, ते बँकेने त्यांना एका रुपयात दिले. चित्रासाठी छटा लागतात, छटेसाठी प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा लागतो, आणि यंत्राची जुळणी ढासळली असेल तर दाबाचा तो फरक कागदावर उतरतच नाही. हिशेबाच्या तक्त्यासाठी घेतलेल्या यंत्रातून ते शक्य झाले, यात ते सांभाळणाऱ्यांचाही वाटा मानला पाहिजे.

गोदरेजने आपल्या शिरवळजवळच्या कारखान्यातील टाइपरायटरचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले, आणि पुढच्या दशकात राज्याच्या टंकलेखन परीक्षाही संगणकावर गेल्या. रेमिंग्टन पद्धतीची मांडणी मात्र संगणकातही कायम राहिली. वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, अर्धे रूप आणि मग काना, हा टाइपबार आणि ठोकळ्यांच्या अडचणीतून जन्मलेला क्रम आजही अनेक मराठी टंकलेखकांच्या बोटांत आहे, जरी पडद्यावर गाडीही नाही आणि खटकाही नाही.

आज एखादे जुने पोर्टेबल दुरुस्त करू पाहणाऱ्याला स्प्रिंग ताणता येते, शिफ्टचे थांबे जुळवता येतात, सेगमेंट धुता येतो, रोलरवर नवे रबर चढवून घेता येते आणि १३ मिलिमीटर रुंदीची सुती रिबन अजून मिळते. मिळत नाहीत ते देवनागरीचे ठोकळे. एक ठोकळा हरवला तर त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दुसऱ्या देवनागरी यंत्रातूनच तो काढावा लागतो, कारण शिरोरेषेची उंची आणि तुकड्याची लांबी एका यंत्राची दुसऱ्याशी जुळत नाही. तालुक्याच्या गावांतील बंद पडलेल्या टायपिंग संस्थांची यंत्रे किलोच्या भावाने विकली जातात, तेव्हा त्यांच्या लोखंडासोबत हे ठोकळेही वितळवले जातात.